थर उतरताना

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ताईनं व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. वर गोविंदा पथकाचं नाव. खाली माझ्या भाचीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आधार क्रमांक. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य, की माझ्या पाल्याच्या सहभागाला माझी हरकत नाही. सहीची जागा रिकामी होती. फोटोखाली ताईनं लिहिलं होतं, 'हे म्हणतायत, तुला विचार.'

दाजी मर्चंट नेव्हीत आहेत, तेव्हा ते कुठल्यातरी समुद्रात होते. त्यांनी मला विचारायला सांगितलं, कारण घरात थरांवरून पडलेला माणूस मी एकटाच आहे.

मी तेव्हा सकाळच्या मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद करून फोटो मोठा करून पाहिला. मग डावा तळहात छताकडे वळवून पाहिला. ही माझी जुनी सवय. हॉटेलात वेटर सुट्टे पैसे द्यायला लागला की लोक सहज हात पुढे करतात, तसा माझा डावा हात पुढे होत नाही. तो तीन चतुर्थांश वळतो आणि थांबतो. कीबोर्डला त्याचा त्रास नाही. तळहात खाली ठेवून करायचं काम आहे हे. बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच का घेतलं, असं कोणी विचारलं तर मी गमतीनं हे कारण सांगतो. पूर्ण गंमत नसते ती.

ताईला मी उत्तर दिलं, 'नको.' पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"का नको?"

"का म्हणजे? तुला माहीत नाही का?"

"मला सगळं माहीत आहे. तू सांग, का नको?"

माझ्याकडे कारणं भरपूर होती. ती आधी सांगतो, कारण ती खोटी नाहीत.

आम्ही सानपाड्यात राहतो ते अण्णांमुळे. अण्णा मूळचे वाईकडचे. मुंबईत माथाडी म्हणून आले, आणि मस्जिद बंदरचा बाजार जसजसा इकडे वाशी-तुर्भ्याला आला तसे तेही खाडी ओलांडून आले. बाजार समिती म्हटलं की लोकांना कांद्याचे भाव आठवतात, मला अण्णांची मान आठवते. गोणी वाहून वाहून तिच्यावर एक घट्टा तयार झालाय. आमच्या पथकात पहिल्या थराला असे पुष्कळ माथाडी होते. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला खांद्यावर उभा राहिलेला एक पोरगा म्हणजे काहीच नाही. थर कसे उभे राहतात याची चर्चा नेहमी वरच्या मुलाबद्दल होते. खरं तर ते उभे राहतात ते बाजार समितीच्या जिवावर, निदान आमच्याकडे तरी.

वरचा मुलगा मी होतो. ज्या थरावर एकटाच माणूस उभा असतो त्याला एक्का म्हणतात. सगळ्यात वरचा एक्का मी. वय वर्षं आठ ते अकरा, वजन पंचवीस किलोच्या आत. शाळेत माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, पण गोकुळाष्टमीनंतरचे आठ दिवस मला वडापावचे पैसे कोणी मागत नसे.

२००८ साली, सरावात, सात थर लागले. मी वर गेलो, हात जोडून सलामी दिली, आणि उतरायला लागलो. न चढलेल्या माणसाला वाटतं की धोका चढण्यात असतो. चढताना सगळे जागे असतात. सलामी झाली, खालून टाळ्या झाल्या, की मनोऱ्यातल्या प्रत्येकाच्या अंगातून थोडी हवा जाते. मी सहाव्या थरावरच्या मुलाच्या खांद्यावरून पाठीला पाठ घासत खाली सरकलो, पाचव्यावर पाय टेकवला आणि त्या खांद्याखालचा गुडघा वाकला. पुढचं मला नीट आठवत नाही. खाली हात वर करून उभ्या असलेल्या माणसांचं कडं होतं, पण मी आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला पडलो. कड्याच्याही पलीकडे. डावा हात आधी टेकला.

अण्णा पहिल्या थरात होते. खालच्या माणसाला वर बघता येत नाही. डोकं खाली, हात शेजारच्याच्या दंडात अडकवलेले. त्यांना काय झालं ते दिसलंच नाही. पुष्कळ वर्षांनी, एकदाच, ते म्हणाले, "वजान हलकं झालं. तवाच कळलं."

दोन ऑपरेशनं झाली. पथकानं त्या वर्षीचं बक्षिसाचं सगळं पैसं माझ्या हातावर लावलं. (घरी आम्ही 'पैसं'च म्हणतो, इथेही तेच लिहितो.) त्या काळात आमच्या पथकाचा विमा वगैरे काही नव्हता. दोन महिने रोज कोणीतरी डबा घेऊन यायचं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दहीहंडी बंद करा म्हणणाऱ्या लेखांमध्ये हा डबा कधी येत नाही. आणि चालू ठेवा म्हणणाऱ्या भाषणांमध्ये मनगट येत नाही.

ताईला फोनवर मी हे काही सांगितलं नाही. मी आकडे सांगितले. आमच्या पिढीचा हा रोगच आहे, दुखतंय ते न सांगता एक्सेल उघडायची. तिला म्हटलं, वीस फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून विश्वविक्रम केला, १३.३४ मीटर, म्हणजे जवळपास ४४ फूट. तेवढ्या उंचीवरून तो वेग ५८ होतो. हेल्मेट न घालता ५८ च्या वेगानं बाइक चालवून भिंतीवर आदळायला तू मुलीला पाठवशील का?

"ती नऊ थरांवर चाललेली नाही," ताई म्हणाली. "पोरींचं पथक आहे, पाच थरांचं. आणि ती तिसऱ्यावर आहे."

"आज तिसऱ्यावर."

यावर ती गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो.

त्या रात्री मी नियम शोधत बसलो. नियम बऱ्यापैकी माहीत होते, पण त्यांचा क्रम एकदा लावून पाहायचा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वाती पाटील यांच्या याचिकेवर निकाल दिला, की उंची वीस फुटांपेक्षा जास्त नको आणि अठरा वर्षांखालचं कोणी थरांमध्ये नको. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि फक्त बारा वर्षांखालच्यांना मनाई राहिली. २०१६ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयानं वीस फूट आणि अठरा वर्षं या अटी सैल करायला नकार दिला. त्या वर्षी दादरला काही गोविंदांनी रस्त्यावर आडवं झोपून थर लावले होते. निषेध म्हणून. मला तो फोटो अजून आवडतो, सुरक्षिततेच्या दृष्टीनं त्याला तोड नाही. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं सांगितलं की चौदा वर्षांखालच्या मुलांना आम्ही भाग घेऊ देणार नाही. न्यायालयानं ते नोंदवून घेतलं आणि उंचीवर बंधन घालायला नकार दिला. तेव्हापासून चौदा हा आकडा आहे.

भाची एप्रिलमध्ये चौदाची झाली. फॉर्मवर जन्मतारीख का हवी होती ते मला रात्री दीड वाजता कळलं.

२०१४ च्या निकालाच्या आगेमागेच, इथेच सानपाड्यात, सराव करताना पडून चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. मी त्याला ओळखत नव्हतो. आमचं पथक वेगळं. पण सानपाडा केवढासा आहे? पामबीच रोडपासून स्टेशनच्या पुलापर्यंत चालत गेलं तर संपतो. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आमचा सराव तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी पुन्हा शिट्टी वाजली.

आणि आता एक लाज वाटणारी गोष्ट. त्याच आठवड्यात मी फेसबुकवर एक लांबलचक पोस्ट लिहिली होती, कोर्टाच्या विरोधात. आमच्याच सणांवर डोळा का, परंपरेला फूटपट्टी लावता येत नाही, असं बरंच काही. मी, ज्याच्या मनगटात धातूची पट्टी होती. तीनशेच्या वर लाइक आले, तोपर्यंत मला कधी चाळीसही आले नव्हते. फेसबुक दर ऑगस्टला ती पोस्ट 'आठवण' म्हणून समोर आणतं. त्या मुलाविषयी त्यात एक ओळही नाही. मी ती काढून टाकलेली नाही. काढली तर सोपं होईल, म्हणून.

ताई दुसऱ्या दिवशी स्वतःच आली. डब्यात अळूवड्या होत्या, म्हणजे भांडायची पूर्ण तयारी. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, समोरून हार्बरची गाडी जात होती.

मी माझा सिद्धांत मांडला. कित्येक वर्षांत जमवलेला होता तो. म्हटलं, थर वाईट नाहीत, बाजार वाईट आहे. पूर्वी गल्लीतली हंडी गल्लीतली पोरं फोडायची. मग राजकारण्यांनी लाखांची बक्षिसं लावली आणि हंडी वर वर गेली. एक पथक टेम्पोत बसून दिवसाला दहा-बारा ठिकाणी जातं. सकाळी नऊला जो गुडघा पक्का असतो तो रात्री नऊला तसा नसतो. वरून पाण्याचे फवारे, डीजे एवढा की कॅप्टनची शिट्टी ऐकू येत नाही. यात पडणार नाहीत तर काय होईल? स्पेनमध्ये कॅटलोनियात असेच मनोरे लावतात, कास्टेल म्हणतात त्यांना. युनेस्कोनं २०१० मध्ये त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही सगळ्यात वर लहान मूलच जातं. पण तळाला शेकडो माणसांची दाट गर्दी एकमेकांना चिकटून उभी असते, पडणारा माणूस जमिनीवर नाही, माणसांवर पडतो. २००६ मध्ये तिथे एक बारा वर्षांची मुलगी पडून गेली, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. सण थांबला नाही आणि शरमेनं मान खाली घालायची वेळही आली नाही. आपण हे का करत नाही?

ताई ऐकत होती. मग म्हणाली, "तू पडलास तेव्हा किती बक्षीस होतं?"

"काय?"

"तू पडलास तेव्हा. डीजे होता? पाणी मारत होते?"

मी सरावात पडलो होतो. रात्रीचे साडेनऊ, इमारतीखालचं मैदान, एक ट्यूबलाइट, सगळे ओळखीचे. बक्षीस नव्हतं, डीजे नव्हता, पुढारी नव्हता. चौदा वर्षांचा तो मुलगाही सरावातच गेला. माझा सगळा सिद्धांत त्या ट्यूबलाइटखाली आला की उभा राहत नाही, आणि इतक्या वर्षांत मी तो तिथे कधी नेलाच नव्हता. बाजारामुळे धोका वाढतो हे खरंच आहे, मी ते मागे घेत नाही. पण धोका बाजारानं आणलेला नाही. तो मुळात आहे. तो काढून घेतला तर उरतं ते दादरच्या रस्त्यावर आडवं झोपणं.

"म्हणजे तुझंही मत नकोच आहे," मी म्हणालो.

"मी असं कुठं म्हटलं?"

मग अण्णा गॅलरीतून बोलले. वाद आमचा चालला होता, पण ते स्वतःशी बोलल्यासारखे बोलले. बावधनच्या बगाडाबद्दल. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. प्रचंड लाकडी गाडा, त्याला बैलांच्या जोड्या, वर उंच आडव्या लाकडाला टांगलेला बगाड्या. नवस असतो, देवाचा कौल लागतो त्यालाच तो मान. अण्णांनी लहानपणी ते पाहिलंय. जुन्या काळी ठिकठिकाणच्या बगाडांत माणसाच्या पाठीच्या कातडीत लोखंडी आकडा टोचून त्याला टांगत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं त्याला बंदी घातली. आता बांधतात.

"आकडा गेला," अण्णा म्हणाले, "बगाड ऱ्हायलं. देव काय रुसला न्हाई."

मला हे वाक्य माझ्या बाजूचं वाटलं. ताईला तिच्या बाजूचं वाटलं. अण्णांनी ते कोणाच्या बाजूनं म्हटलं ते विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, अळूवड्या गार होत होत्या.

पण बगाडात आणि थरांत एक फरक मला तेव्हापासून डाचतोय. बगाड्या मोठा माणूस असतो, त्याचा स्वतःचा नवस असतो. बैलगाडा शर्यतींवर इतकी वर्षं खटला चालला, २०१४ ची बंदी, मग कायदा, मग मे २०२३ मध्ये घटनापीठाचा निकाल. एवढं सगळं का, तर बैल हो किंवा नाही म्हणू शकत नाही. बरोबर आहे. मी मात्र म्हणू शकत होतो. अकरा वर्षांच्या मला विचारलं असतं तर मी उड्या मारत हो म्हटलं असतं. म्हटलंही होतं. त्या होकाराची किंमत काय? पडल्यावर दवाखान्यात जाताना मी रिक्षात रडत होतो ते हात मोडला म्हणून कमी आणि आता दुसरा एक्का करतील म्हणून जास्त. असा होकार कोणत्या कोर्टात टिकेल? आणि तरी तो माझाच होता, मला कोणी ढकललं नव्हतं.

सरकारनं या प्रश्नाचं आपल्या परीनं उत्तर दिलंय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत जाहीर केलं की दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा. गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात नोकऱ्या, यावर स्पर्धा परीक्षा देणारी मुलं चिडली ते वेगळंच. आणि मदतीचे आकडे ठरले. थरावरून पडून मृत्यू झाल्यास दहा लाख. दोन डोळे, दोन हात किंवा दोन पाय गमावल्यास साडेसात. एक हात किंवा पाय गेल्यास पाच. मदत मिळते ही चांगलीच गोष्ट आहे, आमच्या वेळी पथकाला बक्षीस मोडावं लागलं. पण ते दरपत्रक वाचताना मला माझं मनगट कुठल्या रकान्यात बसेल ते शोधावंसं वाटलं. बसत नाही. हात गेलेला नाही. फक्त पूर्ण वळत नाही.

पुढच्या वर्षी प्रो गोविंदा लीग आली. इनडोअर स्टेडियम, जाड गाद्या, वरच्याला दोरीचा हार्नेस, टीव्हीवर समालोचन. मी पाहिली. माझ्यातल्या इंजिनिअरला ते सगळं पसंत पडलं. माझ्यातल्या एक्क्याला कंटाळा आला. हे कबूल करायला मला आवडत नाही.

अळूवड्या संपल्यावर अण्णा आत जाऊन पडले. ताईनं डबा धुतला, पुसला, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तुला एक सांगू? तू चौथीत होतास, तुला पहिल्यांदा वर चढवलं, तेव्हा तुला कोणी शिकवलं?"

"कॅप्टननं."

"त्याच्या आधी."

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. आणि मग मला आठवलं. गच्ची. पाण्याच्या टाकीजवळ ताई भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि मी तिच्या मांडीवर पाय, मग कमरेच्या खोबणीत, मग खांद्यावर. पाय आडवा ठेव, टाच टोचवू नकोस, वर बघ, खाली बघू नकोस. ती मला तासन् तास चढवायची. मला वाटायचं, ती माझ्याशी खेळतेय.

"मला सगळं येत होतं," ती म्हणाली. "बाराव्या वर्षी मी तुझ्यापेक्षा चपळ होते. अण्णांना विचारलं तर म्हणाले, पोरीची जात. बास, विषय संपला. आठ-नऊ वर्षं मी खिडकीत उभं राहून पाहिलं. तू पडलास तेव्हा पण मी खिडकीत होते. सगळ्यात आधी मी खाली पोचले."

हे खरं आहे. रिक्षात माझा हात तिच्या ओढणीत बांधलेला होता.

"तुला पडायची तरी संधी मिळाली," ती म्हणाली.

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केलाय. ते तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. कोणी असं म्हणावं का, की मला पडायला मिळालं नाही? पण मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. मुलांना जे जे करू दिलं ते धोकादायक होतं म्हणून वाईट, आणि मुलींना करू दिलं नाही ते सुरक्षित होतं म्हणून चांगलं, असा हिशोब मी तरी तिच्यासमोर मांडू शकत नाही. कॅटलोनियाचं मी तिला अर्धंच सांगितलं होतं. तिथे १९८० च्या दशकात बायका मोठ्या संख्येनं मनोऱ्यात आल्या, अंगानं हलक्या, त्यामुळे मनोरे आणखी उंच गेले. ही माहिती माझ्याकडे होती, पण तेव्हा ती माझ्या सोयीची नव्हती.

मी तिला म्हटलं, "सही तुझी आहे. मला विचारू नकोस."

"सही मी कालच केली," ती म्हणाली. "तुला विचारतेय ते वेगळं. तू खाली उभा राहशील का?"

मग सतरा वर्षांनी मी मैदानात गेलो. तेच मैदान, आता तिथे हाय मास्ट दिवा आहे. कडेला फोल्डिंगच्या जाड गाद्या होत्या, कोणीतरी जिममधून मागून आणलेल्या. पोरींच्या पथकाची कॅप्टन पंचविशीची, दिवसा एका बँकेत असते. तिच्या गळ्यात शिट्टी आणि हातात नोंदवही. कोण आलं, कोण जेवून आलं, कोणाची पाळी आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, हे सगळं ती लिहून घेत होती. आमच्या वेळी असं काही नव्हतं. मी ती वही मागून पाहिली. आयुष्यात मी पुष्कळ चेकलिस्ट पाहिल्यात, पैसे घेऊन केल्यात. इतकी चांगली क्वचित पाहिली.

मी तिला विचारलं, पडायचा सराव घेता का? ती म्हणाली, म्हणजे? मी सांगितलं. मनोरा हलला तर बाहेर उडी मारायची नाही, आत बसायचं, खालच्याच्या अंगावर घसरायचं. हात लांब करून टेकवायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, हे मी शिकलो. तिनं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पंधरा मिनिटं तेच. पोरी हसत होत्या, पडायचं काय शिकायचं म्हणून. मी गादीवर पडून दाखवलं, वय वर्षं अठ्ठावीस, पोट सुटलेलं. व्हिडिओ निघाला. भाचीनं तो स्टेटसला ठेवला.

उंचीबद्दल मी एकच अट घातली, खरं तर विनंती, अट घालणारा मी कोण. पाच म्हणजे पाच. त्या दिवशी कोणी माइकवरून सहाव्याचं बक्षीस पुकारलं तरी पाच. कॅप्टननं मान डोलावली. पण त्या डोलावण्याचा भरवसा मला पूर्ण नव्हता आणि आजही नाही. मी तिच्या वयाचा असताना माझाही नसता.

यंदा सोळा ऑगस्टला दहीहंडी होती. त्या दिवशी ठाण्यात कोकणनगरच्या पथकानं दहा थर लावले. दुपारपासून ते व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर फिरत होते. आमच्या कड्यातही दोघं-तिघं मान खाली घालून तेच बघत होते. मीही पाहिला. सगळ्यात वरचं ते एवढंसं डोकं, आणि ते उतरायला लागलं की माझ्या पोटात गोळा. तरी पूर्ण पाहिला. दोनदा.

संध्याकाळी साडेसहाला सानपाड्यात पोरींची हंडी होती. पाऊस नुकताच थांबला होता. अण्णा आले होते, रस्त्याच्या पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर बसले. आई आली नाही, ती २००८ नंतर कुठल्याच हंडीला आलेली नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. कॅप्टननं आम्हाला कड्यात उभं केलं. मला म्हणाली, दादा, तुम्ही डाव्या अंगाला नको, उजवीकडे या, तुमचा डावा हात वर नीट उघडत नाही. तिच्या वहीत तेही होतं.

शिट्टी झाली. पहिला थर, दुसरा. मग तिसऱ्यावर भाची, लाल हेल्मेट. तिच्या खांद्यावर चौथी आणि चौथीवर सगळ्यात वर दुसरी एक पोरगी, कॉलेजातली, अंगानं चिमणीएवढी. तिनं हात जोडले. टाळ्या. समोरच्या कड्यात ताई होती, ती टाळ्या वाजवत नव्हती, हात वर धरून उभी होती.

टाळ्या चालू असतानाच कॅप्टन ओरडली, "उतरताना! उतरताना! कोणी हलू नका!"

पाचवी उतरली. चौथी. मग भाचीनं पाय खाली सोडला, टाच न टोचवता, आडवा. दुसऱ्या थरावरची पोरगी थरथरत होती, मला खालून तिची पोटरी दिसत होती. तीन सेकंद असतील. मग भाची सरकत सरकत आमच्या हातांत आली आणि जमिनीवर उतरली. हेल्मेटचा पट्टा तिच्या हनुवटीला रुतला होता, लाल वळ उठला होता.

"मामा," ती म्हणाली, "हा पट्टा सैल कर ना जरा. अजून दोन ठिकाणी जायचंय."

मी उजव्या हातानं बकल धरलं. डाव्यानं तो पट्टा काही सरकेना.